भजनाचं रेकॉर्डिंग आणि घरी अरेंजमेंट, दोन्हीला चालेल असा लॅपटॉप कुठला घ्यावा?

काळी_दोन, मिरज

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी पेटी वाजवतो, गावच्या भजनी मंडळात आठ वर्षं झाली आणि दोन वर्षांपासून घरी थोडं थोडं रेकॉर्डिंगपण करायला लागलोय. आत्ता भावाचा जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅमचा, त्यावर एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरात तानपुरा, स्ट्रिंग्ज आणि एक बासरीचा प्लगइन (त्यात जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकला की कटकट आवाज सुरू होतो. आणि तो उचलून देवळात नेता येत नाही ही मोठीच अडचण आहे.

मागच्या महिन्यात आमचे बुवा घरी आले होते, त्यांना हेडफोन लावून अभंग म्हणायला सांगितलं. पहिल्याच ओळीला त्यांनी हेडफोन काढून ठेवला, म्हणाले "अरे माझाच आवाज मला मागनं ऐकू येतोय, मी नेमकं कुणाबरोबर म्हणू?" मला काय उत्तर द्यावं कळेना. त्या दिवशी ठरवलं, आता नीट काहीतरी घ्यायचं.

बजेट लॅपटॉपला ६५ हजार, जास्तीत जास्त ७०. ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याला, १५ हजार वेगळे काढलेत. काम दोन प्रकारचं आहे, एक म्हणजे देवळात आवाज, पेटी, पखवाज आणि टाळ असं चार माइकवर एकदम घ्यायचं, आणि दुसरं घरी बसून शाळेच्या गॅदरिंगची गाणी वगैरे अरेंज करायची, त्यात कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरच्या, रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या लायब्ररी लागतात. दुकानदार म्हणतो म्युझिकला गेमिंग लॅपटॉपच घ्या, ६ जीबीचं ग्राफिक कार्ड आहे, आणि मामाचा मुलगा म्हणतो मॅक सोडून कशाकडं बघू नको. ग्राफिक कार्डाचा गाण्याला खरंच उपयोग असतो का? ८ जीबी रॅम घेऊन पुढं वाढवली तर चालेल का? आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट रोज जाते तेवढं धरून सांगा. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सोळा_मात्रा, पुणे

तुमच्या बुवांनी जे सांगितलं ना, लॅपटॉप निवडताना तेच डोक्यात ठेवा, बाकीचं नंतर. आवाजाचं काम कॉम्प्युटर सलग करत नाही, तुकड्या तुकड्यात करतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं घेताना, बफर १२८ मोजमापांचा ठेवला तर एक तुकडा २.९ मिलिसेकंदांचा होतो, ५१२ ठेवला तर ११.६, १०२४ ला २३ च्या पुढे. माइककडून आत येताना एकदा आणि हेडफोनकडे बाहेर जाताना परत एकदा एवढा वेळ जातो, शिवाय इंटरफेसचा आणि ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) थोडा वेगळा. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १२८ वर तुम्ही दोन-अडीच मीटरवर बसलेल्या माणसाचं ऐकताय असं समजा, ते चालतं. पण जुन्या डेस्कटॉपच्या साध्या साउंड कार्डावर बफर मोठा ठेवल्याशिवाय आवाज फुटत असणार, म्हणून मोठा ठेवलात आणि बुवांना स्वतःचा आवाज मागून आला.

आता बफर लहान केला की कॉम्प्युटरला दर २.९ मिलिसेकंदाला काम पूर्ण करून द्यावंच लागतं. एकदा जरी उशीर झाला की टिक् असा आवाज, तीच तुमची कटकट. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच वापरलेला दिसतो आणि तरी आवाज फुटतो, लोक चक्रावतात. तबलजी नुसता तयारीचा असून चालत नाही, दर आवर्तनाला समेवर यायला लागतो, तसंच आहे हे. सरासरी वेग कितीही असू दे, एका समेला चुकला की सगळ्यांना कळतं.

त्यामुळे ग्राफिक कार्डाचं उत्तर नाही असंच आहे. आवाजाचं सगळं गणित प्रोसेसर करतो, कार्ड जवळपास रिकामं बसून राहतं, उलट कित्येकदा त्याचाच ड्रायव्हर मध्ये येऊन प्रोसेसरला अडवतो आणि टिक् ऐकू येतो. ते पैसे रॅम आणि एसएसडीत घाला. प्रोसेसर बघताना नावाच्या शेवटचं अक्षर बघा, यू असेल तर वीज वाचवणारा, साधारण १५ वॅटचा, आणि एच असेल तर ४५ वॅटच्या आसपासचा, जो दम धरून काम करतो. एकाच नावाचे आय५ असतात पण यू आणि एच मध्ये बराच फरक पडतो, दुकानात हे कोणी सांगत नाही, विचारून घ्या. कोअर किती यापेक्षा एक एक कोअर किती जोरात चालतो हे इथे महत्त्वाचं, कारण एका ट्रॅकवर लावलेली प्लगइनची साखळी साधारण एकाच कोअरवर चालते.

रॅम १६ जीबी घ्याच. कॉन्टॅक्ट प्रत्येक सुराची सुरुवात रॅममध्ये भरून ठेवतो आणि बाकीचं डिस्कवरून ओढतो, त्यामुळे रॅम आणि एसएसडी दोन्ही लागतात, साधी फिरती हार्ड डिस्क असेल तर लायब्ररी उघडेपर्यंत चहा होतो. ८ घेऊन पुढे वाढवायची असेल तर आधी बघा की रॅमचा एक तरी स्लॉट रिकामा आहे का, हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती मरेपर्यंत तेवढीच. एसएसडी ५१२ जीबी. देवळातल्या रेकॉर्डिंगला फार जागा लागत नाही, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास खातो, चार माइकचं तासभर भजन दोन जीबीच्या थोडं वर जाईल. जागा लायब्ररी खातात.

आणि एक, बुवांचा त्रास लॅपटॉप न बदलतासुद्धा जाईल. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असतं, त्यात माइकचा आवाज कॉम्प्युटरला फेरी न मारता सरळ हेडफोनला जातो. ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं त्याच ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील. पण किबोर्डवर प्लगइनमधली बासरी वाजवताना याचा उपयोग नाही, तिथे लहान बफरच लागतो. चार माइक एकदम घ्यायचे तर चार प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे भाग) असलेला इंटरफेस हवा, बेहरिंगरचा यूएमसी ४०४एचडी बघा. फोकसराइटचा २आय२ चांगला आहे पण त्याला माइक दोनच लागतात.

बासरीवाला_ठाणे

मामाच्या मुलाचं निम्मं बरोबर आहे. मी २०२१ पासून एम१ चा मॅकबुक एअर वापरतोय आणि मला त्याचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे त्याला पंखाच नाही. बासरीत फुंक पण ऐकू यावी लागते, माझी खोली दहा बाय दहाची, माइक आणि लॅपटॉपमध्ये फार तर चार फूट अंतर, तिथे आधीच्या लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की टेक गेलाच. आता तो प्रश्नच उरला नाही. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा आतच असते, बरेच इंटरफेस ड्रायव्हर न टाकता चालतात, लावा आणि वाजवा. एफएल स्टुडिओ २०१८ च्या २० व्या आवृत्तीपासून मॅकवरपण आहे आणि तुमचं लायसन्स असेल तर तेच दोन्हीकडे चालतं, परत घ्यावं लागत नाही. ॲपलचं गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पुढे त्यांचंच मोठं लॉजिक घेतलं तरी त्यातच प्रोजेक्ट उघडतात.

पण तुमच्या बजेटात नवा एअर बसत नाही. एम४ वाला भारतात आला तेव्हा ९९,९०० होता, १६ जीबी रॅमचा. एम४ मॅक मिनी ५९,९०० ला आलेला, तोही १६ जीबीचा आणि या पैशात त्याच्यासारखं घरचं मशीन मला तरी दिसत नाही, पण त्याला ना स्क्रीन ना बॅटरी, देवळात काय करणार आणि लाइट गेली की संपलंच. सेकंडहँड एम१ मिळेल, बहुतेक ८ जीबीचे मिळतील, चार माइकच्या रेकॉर्डिंगला ते आरामात चालतात पण कॉन्टॅक्टची मोठी लायब्ररी भरली की अडखळतात आणि रॅम कधीच वाढवता येत नाही. कोणी स्वस्तात इंटेलवाला मॅकबुक देत असेल तर घेऊ नका, टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मॅकओएस आहे असं ॲपलनेच २०२५ मध्ये जाहीर केलं.

घुमट_आणि_घुंगरू, सातारा

मी गेली बारा वर्षं गावोगाव जाऊन कीर्तन, भारूड, भजन रेकॉर्ड करतो, त्यामुळे प्रोसेसरचं वरच्या दोघांनी सांगितलं ते सोडून देतो आणि जे कोणी सांगत नाही ते सांगतो. लाइट. देवळात तुम्ही लॅपटॉप लावणार, चार्जर कुठल्यातरी एक्स्टेंशन बोर्डाला, तो बोर्ड मांडववाल्याच्या वायरला, आणि अर्थिंग कुठंच नाही. मग हेडफोनमध्ये हूंऽऽ असा सलग आवाज येतो, आपल्या लाइटचा ५० हर्ट्झचा, आणि तो तानपुऱ्याच्या खालच्या सुराच्या आसपास असा काही बसतो की रेकॉर्डिंग करताना लक्षातच येत नाही, घरी येऊन ऐकलं की पोटात गोळा येतो. त्या वेळी सगळ्यात आधी चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढा. दहातल्या आठ वेळा आवाज तिथंच बंद होतो. म्हणून लॅपटॉप घेताना बॅटरीवर तीन तास खरोखर निघतात का हे बघा, माझ्या दृष्टीनं ते प्रोसेसरच्या आधी. माइकला एक्सएलआर केबलच वापरा, आणि काही लोक हूं घालवायला थ्री पिनमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात ते अजिबात करू नका, शॉक लागतो, माझ्या डोळ्यासमोर एका गायकाला माइकला ओठ लागल्यावर झटका बसलेला आहे. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा, स्क्वेअर वेव्हवाल्यावर चार्जर लावला की वेगळीच कुरकुर येते.

गेमिंग लॅपटॉपचा अनुभव मी घेतलाय, २०२२ साली. ताकद भरपूर होती, खोटं कशाला बोलू, पण एका मठात पहाटेचं काकड्याचं भजन घेत होतो, थंडीचे दिवस, सगळीकडं शांत, आणि पखवाजवाल्यानं कणीक लावून डावी बाजू जुळवेपर्यंत लॅपटॉपचे दोन्ही पंखे विमानासारखे सुरू. तो सूंऽ आवाज प्रत्येक माइकमध्ये गेला. घरी येऊन नॉइज काढायचा प्लगइन लावला तर पंख्याबरोबर तानपुऱ्याची जवारीपण गेली, तार नुसती टण् टण् वाजल्यासारखी राहिली. ते भजन म्हणणारे आजोबा त्याच वर्षी गेले. ते रेकॉर्डिंग तसंच आहे माझ्याकडं, साफ न करता ठेवलंय.

यमन_ताई, नागपूर

मी गाण्याचे क्लास घेते, टेक्निकल फार कळत नाही, पण पैसे जपून वापरा म्हणून लिहिते. माझ्याकडे थिंकपॅड टी४८० आहे, सेकंडहँड, रॅमचे दोन स्लॉट आहेत त्यात भाच्याने १६ जीबी करून दिली आणि त्याला एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी आहे, बाहेरची संपली की लॅपटॉप बंद न करता दुसरी लावता येते, आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये त्याचा फार उपयोग होतो. त्यावर मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते, ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि मग लायसन्स ६० डॉलर, हलकं आहे अगदी. मुलींची गाणी, संवादिनी, तबला एवढं सहज होतं. मोठा ऑर्केस्ट्रा नाही होणार. तुम्हाला गॅदरिंगची गाणी करायची आहेत तर ते ट्रॅक फ्रीझ करून, म्हणजे झालेल्या ट्रॅकचा नुसता आवाज करून ठेवून, करता येतील. उरलेल्या पैशात एक चांगला माइक घ्या असं माझं मनापासून सांगणं आहे, पेटीला आणि गळ्याला दोन्हीला.

काळी_दोन, मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सातारकर दादा, तुमचं आजोबांचं वाचून गप्प बसून राहिलो थोडा वेळ.

काल सांगलीत दोन दुकानं फिरलो. गेमिंगवाला नाव काढूनच टाकला. आता दोन समोर आहेत, एक स्नॅपड्रॅगनचा, ६० हजाराच्या आत, १६ जीबी, बॅटरी दिवसभर टिकते म्हणतात आणि पंखापण फारसा वाजत नाही, सातारकर दादांचं वाचल्यावर मला तोच घ्यावासा वाटतोय. दुसरा आय५ एच सिरीजचा, ग्राफिक कार्ड नाही, १६ जीबीची एकच पट्टी आणि एक स्लॉट रिकामा, ५१२ एसएसडी, ६३ हजार. यमन ताई, थिंकपॅडपण बघितला पण इथं मिळाला त्याची बॅटरी गेलेली होती. स्नॅपड्रॅगनचं काय करू?

सोळा_मात्रा, पुणे

थांबा, स्नॅपड्रॅगन घाईने घेऊ नका. मशीन वाईट नाही, पण तो एआरएम, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या धाटणीचा प्रोसेसर आहे. साधी सॉफ्टवेअर त्यावर दुभाष्यामार्फत चालतात, ड्रायव्हर तसे चालत नाहीत, ते खास एआरएमसाठीच लिहिलेले लागतात. म्हणजे तुम्ही जो इंटरफेस घेणार त्या कंपनीने विंडोज एआरएमसाठी एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात नेणारा) दिलाय का हे तिच्या साइटवर मॉडेलचं नाव घालून बघायचं, मग तुमचे प्लगइन एक एक करून, मग कॉन्टॅक्ट. सगळीकडे हो असेल तरच. तुमच्यासारख्या माणसाला ज्याला पुढच्या गुरुवारी देवळात रेकॉर्ड करायचंय त्याने एवढी शोधाशोध करू नये असं मला वाटतं.

एच सिरीजवाला बरा दिसतोय. पण पैसे देण्याआधी एक करा, लेटन्सीमॉन म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानातल्या डेमो मशीनवर दहा मिनिटं चालवा, त्यांना नीट समजावून सांगितलं तर नाही म्हणत नाहीत. आधी वायफाय चालू ठेवून, मग बंद करून, मग चार्जर काढून. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवतो ते त्यात दिसतं. वायफाय बंद केल्यावर हिरवं होत असेल तर काही बिघडत नाही, रेकॉर्डिंगला वायफाय लागतं कुठे. सगळं बंद करून, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवूनसुद्धा लाल राहिलं तर ते मशीन सोडा, कितीही महाग असू दे. आणि घरी आणल्यावर इंटरफेसच्या कंपनीचाच एसिओ ड्रायव्हर टाका, एसिओफोरऑल हा कुठल्याही साउंड कार्डाला चालणारा ड्रायव्हर अडल्यावेळचा उपाय आहे.

घुमट_आणि_घुंगरू, सातारा

एच सिरीजवाल्याचा पंखा वाजणार, पण गेमिंगएवढा नाही. लॅपटॉप माइकजवळ ठेवायचाच कशाला, दहा मीटरच्या एक्सएलआर केबली घ्या आणि आपण खांबामागं बसा. यूएसबीची केबल लांबवू नका, पाच मीटरच्या पुढं ती भरवशाची नाही, माइकचीच लांबवा. आणि मशीन सतरंजीवर ठेवू नका, खालची जाळी झाकली की गरम होतं, गरम झालं की प्रोसेसर स्वतःहून हळू होतो आणि मग परत कटकट. पाट ठेवा खाली.

काळी_दोन, मिरज

घेतला. एच सिरीजवाला. दुकानात लेटन्सीमॉन लावलं तर पहिल्या तीन मिनिटांत लाल, मी घाबरलो, मग वायफाय बंद केलं आणि परत सुरू केलं तर दहा मिनिटं हिरवंच. दुकानदारानं स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसून सगळं बघितलं, म्हणाला अजून एक मशीन आहे त्यावर लावून दाखवा, त्यावर वायफाय बंद करूनपण लालच येत राहिलं आणि ते याच्यापेक्षा आठ हजारांनी महाग होतं.

इंटरफेस चार माइकचा घेतला. काल गुरुवारचं भजन देवळात घेतलं, ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८, चार्जर काढून, पाटावर लॅपटॉप आणि मी खांबामागं. सव्वा तास चाललं, बॅटरी ६१ टक्के राहिली आणि एकपण टिक् आला नाही. बुवांना डायरेक्ट मॉनिटरिंगवर हेडफोन दिला, आधी एका कानालाच धरला होता, दुसऱ्या अभंगाला दोन्ही कानांवर घेतला आणि मग काही बोलले नाहीत, म्हणतच राहिले. हूं आवाज अजिबात नाही. पखवाज तर असा आलाय की डाव्या बाजूवर हात घासलेलापण ऐकू येतो.

टाळाचा ट्रॅक मात्र फुटलाय. सुरुवातीला हळू वाजवत होते तेव्हा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावला, गजरात सगळे उभे राहिले आणि तिथं लाल दिवा लागलेला मला खांबामागून दिसलाच नाही. पुढच्या गुरुवारी टाळाचा माइक दोन हात लांब आणि गेन निम्मा ठेवून परत घेणार आहे, माइक वर टांगावा की बाजूनं लावावा ते कोणी केलं असेल तर सांगा.